हसन, बर्फाचे ते दोन तुकडे

हसन,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. काल इथल्या, कुवेतच्या मराठी मंडळाची पोरं अम्गऱ्याच्या आपल्या यार्डात आली होती. म्हणाली, "शांतारामकाका, हसनचाचांबरोबर एका खोलीत तुमची एकतीस वर्षं गेली. अंकात त्यांच्यावर तुम्हीच लिहा. एक पान पुरे, फोटो आम्ही लावतो." मी हो म्हटलं. मग कळलं की एक पान पुरायचं नाही.

तू मनमिळाऊ होतास, कुणाला उलट बोलत नव्हतास, हे सगळं तुला सुलेबिखातच्या कबरस्तानात ठेवून आल्यावर लोक बोललेच. मी एका बाजूला गप्प उभा होतो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख आवरत नाही. दुःख होतंच. पण मी गप्प होतो तो लाजेनं. तुझ्यापासून मी एक गोष्ट चार वर्षं लपवली. तू समोरच्या खाटेवर बसलेला असायचास, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, तेव्हा सांगितली नाही. आता तुला ऐकू येतं की नाही कोण जाणे, आता सगळ्यांदेखत सांगतो. आणि आता सांगायला लागली तीसुद्धा मी शहाणा झालो म्हणून नाही. नंदिनीचा फोन आला म्हणून.

पण आधीपासून सांगतो. वाचणाऱ्यांना आपलं काम ठाऊक नसेल.

कुवेतमध्ये इमारत बांधायच्या आधी जमिनीला भोक पाडून खाली काय आहे ते काढून बघतात. ते भोक आपण पाडायचो. रिग म्हणजे ड्रिलचं यंत्र, त्याच्या रॉडच्या टोकाला लावलेली नळी फिरत खाली जाते, तिच्या पोटात जमिनीचा गोल दांडा येतो, त्याला कोअर म्हणतात. तो लाकडी पेटीत ओळीनं मांडायचा. वरचं टोक डावीकडे, खालचं उजवीकडे, प्रत्येक तुकड्यावर वरची दिशा दाखवणारा बाण. जिथली माती पाण्याबरोबर वाहून गेली, हाती लागलीच नाही, तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडाचा ठोकळा ठेवायचा. ठोकळा म्हणजे, साहेब, इथलं आम्हाला मिळालं नाही. इथली जमीन म्हणजे गॅच. वाळू आणि चुना एकमेकांना धरून बसलेले. वरून दगड, आतून बिस्कीट. घाई केली की हातात नुसता चुरा.

मी घाईचा माणूस. दिवसाला सगळ्यात जास्त मीटर माझे. तू सावकाश. लिव्हरवर हात ठेवून डोळे मिटून उभा राहायचास, पीराच्या दर्ग्यात उभा असल्यासारखा. मी ओरडायचो, "अरे झोपलास काय?" तू म्हणायचास, "झोपलो नाय फोरमन, ऐकतोय. रॉड बोलतो." मला राग यायचा. मला रॉड कधी काही बोलला नाही.

तुझी पहिली पेटी आठवते? तू ती उजवीकडून मांडलीस. गावच्या उर्दू शाळेतली चौथी तुझी, हात उजवीकडूनच सुरू झाला. सगळी जमीन उलटी. तो मिसरी, म्हणजे इजिप्तचा, इंजिनीअर पेटी बघून असा ओरडला की रिगवरचे सगळे खाली उतरून आले. मला वाटलं आता हा घरी जातो. तू शांतपणे म्हणालास, "साहेब, तुम्ही पण उजवीकडूनच वाचता ना?" मिसऱ्यानं आधी डोळे वटारले, मग पोट धरून हसला. मी त्याला आधी कधी हसताना बघितलं नव्हतं. तुझी नोकरी राहिली. पुढं कितीतरी दिवस पेटी उघडली की तू डाव्या कोपऱ्यावर दोनदा बोट आपटायचास, मग तुकडा ठेवायचास. हाताला शिकवत होतास.

आणि राई भागातल्या त्या शोरूमच्या जागी मी केलं ते? पेटीत हातभर जागा रिकामी राहिली होती. ठोकळा ठेवला की मिसरी बडबडणार, भोक पुन्हा पाडायला लावणार. मी शेजारच्या भोकातला तुकडा आणून बसवला. मला वाटलं कुणी बघितलं नाही. दुपारी जेवून आलो तर तुकडा गायब, ठोकळा जागेवर, आणि तू मिसऱ्याच्या शिव्या खात उभा. फोरमन कोण, शिव्या कुणाला. तू मला एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, विषय संपला असता.

नंदिनी आपल्या कंपनीच्या लॅबमध्ये वर्षभर होती, तेव्हा अगदी पोरगी. इथेच कुवेतच्या साल्मियात वाढलेली, आईशी मराठी, बाकी जगाशी इंग्लिश. डोक्यावर हेल्मेट, खाली घामानं ओलं कपाळ, पन्नास डिग्रीत आपल्याबरोबर उभी. पेटी मांडायला तिला तू शिकवलंस. पुढं ती परदेशात गेली, बर्फाचा अभ्यास केला, त्यातलीच डॉक्टर झाली. आणि एका हिवाळ्यात आईनं केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन यार्डात आली.

"काका, अंटार्क्टिकाला जाणार आहोत. छोटी टीम आहे. बर्फाचा कोअर काढायचाय. मशीन आम्ही शिकवू, पण हात नाही ना शिकवता येत. येता?"

हे तिनं आधी मला विचारलं होतं, हसन. तू साक्षीला होतास. मी म्हटलं, "बर्फाला ड्रिलर कशाला? माझ्या नातवाला ने, पहारीनं फोडून देईल."

ती हसली. "विचार करा काका."

"विचार कसला करायचा? ह्या वयात मी पेंग्विन राखायला येऊ?"

आमच्यात पहिल्या आग्रहाला कुणी हो म्हणत नाही. पानावर दुसरा मोदक वाढतानासुद्धा आधी हात आडवा धरायचा, मग वाढणारीनं पुन्हा म्हणायचं, मग घ्यायचा. मी हात आडवा धरला आणि थांबलो. पण पोरगी कुवेतमध्ये वाढलेली. तिला नाही म्हणजे नाही. तिनं मान वळवली. "हसनचाचा, तुम्ही?"

तू करंजी खात होतास. तोंडातली गिळलीसुद्धा नाहीस. "कधी निघायचं?"

एअरपोर्टवर मी आलो नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. गुडघा दुखत नव्हता.

तीन महिन्यांनी तू परत आलास तो नाकाचा शेंडा काळा करून. जलीबच्या त्या खोलीत आधीच आपण सहा जण, त्यात तुझा बर्फ येऊन बसला. रोज नवीन काहीतरी. तिथे रॉड नसतात, अख्खं ड्रिल तारेवर लोंबतं, विहिरीत कळशी सोडावी तसं. तिथे सूर्य मावळतच नाही, म्हणून तू घड्याळ कुवेतचं ठेवलं होतंस आणि जलीबच्या मशिदीत बांग होत असेल त्या वेळेला बर्फावर चटई टाकून उभा राहायचास. टीममधला एक गोरा रोज तुला विचारायचा, "हसन, कुवेतमध्ये आता किती वाजले?" आणि तू सांगितलंस की तो म्हणायचा, "म्हणजे चहा." खोलीतले सगळे हसायचे. मी पण हसायचो, पण उशिरानं.

"बर्फ गॅचसारखाच हाय फोरमन," तू म्हणायचास. "खालचा बर्फ तर लय नाजूक. वरच्या बर्फाचं वजन झेलून झेलून दबलेला असतो. वर काढला की आपोआप तडकतो. त्याला जाळीत घालून नुसता ठेवून द्यायचा, आराम द्यायचा. मग तो कापू देतो."

"आणि काढायचा कशाला?"

"आतली हवा बघायला. बर्फात बारीक बुडबुडे असतात. ज्या वर्षी बर्फ पडला त्या वर्षीची हवा त्यात कोंडलेली. आपल्या आज्याच्या आज्याच्या पण आधीची. तेव्हा ऊन किती होतं, धूर किती होता, सगळं त्यातून काढतात."

"हवा कधी जुनी होते का रे? हवा ती हवा."

"मॅडमनी एक उरलेला तुकडा माझ्या पेल्यात टाकला. पाण्यात तडतड वाजायला लागला. ती कोंडलेली हवा सुटत होती."

"तेलात मोहरी पण तडतडते."

हे आपलं भांडण किती वर्षं चाललं! मी म्हणायचो, ऊन वाढलंय हे कळायला बर्फ खणायला हवा कशाला, माझी चप्पल सांगते, यार्डातल्या डांबराला चिकटते आता. तू म्हणायचास, "चिकटते ते चप्पल सांगते. किती वर्षांत कधी असं झालं नव्हतं, ते सांगते काय?" मी म्हणायचो, जा, चहा टाक. तू उठून चहा टाकायचास. वादात हरलो की चहा तुझ्याकडून प्यायचा हा माझा नियम, आणि तू तो कधी मोडला नाहीस. गणपतीत माझ्या मोदकांच्या पाऱ्या फुटायच्या म्हणून तू हात धुऊन बसायचास आणि माझ्यापेक्षा बऱ्या पाडायचास. रोज्यात रिगवर मी तुझ्यासमोर पाणी पीत नव्हतो, तर तू मुद्दाम पाठ करून उभा राहायचास, मला पिता यावं म्हणून. हे पण कधी बोललो नाही आपण.

आता ते सांगतो.

तुला परत येऊन दोन वर्षं झाली होती. शुक्रवारची दुपार. तू नमाजहून आलास, जेवलास, आणि खाटेवर पडायचा तो बसून राहिलास.

"फोरमन, माझ्या हातून तिथे एक झालंय."

मला वाटलं, कुणी बाई वगैरे. मी म्हटलं, "बर्फात पण?"

तू हसला नाहीस. सांगायला लागलास. एका रनला, म्हणजे ड्रिल एकदा खाली जाऊन वर येतं तेवढ्यात, कोअर मध्येच फुटला. मधला भाग चुरा, हाती लागले दोन तुकडे, एक वरचा, एक खालचा. टोकं फुटलेली, एकमेकांना बसत नव्हती. तू दमलेला, बोटं बधिर. ट्रेवर मांडताना हात उजवीकडून सुरू झाला, लहानपणीसारखा. दोन्ही तुकडे उलटे पडले. लगेच लक्षात आलं. जागा अदलाबदल केलीस, एक तुकडा फिरवून सरळ केलास, तेवढ्यात तार अडकली म्हणून कुणी हाक मारली. धावत गेलास. परत येऊन दोन्हीवर बाण काढलेस आणि तुकडे जाळीत गेले. दुसरा तुकडा फिरवायचा राहिला होता. ते तुला कळलं कुवेतला आल्यावर. डोक्याला नाही, हाताला आठवलं म्हणालास. हाताला एकदाच फिरवल्याचं आठवत होतं.

"कुठला राहिला तो पण मला नीट ठाऊक हाय," तू म्हणालास, आणि सांगितलंस. "मॅडमला कळवायला पायजे. तोंडानं नाय सांगवणार मला. तिनं विश्वासानं नेला होता. तू लिहून दे. तुझी सातवी झालीय."

"येडा आहेस काय? दोन तुकडे. कोण बघतंय? नाक कापून घेशील. कुवेतच्या ड्रिलरांचं नाक."

"कुणी बघत नाय तर मग काढायचा कशाला?" तू म्हणालास. "अरे, तो बर्फ कुणी बघायला नव्हतं तेव्हापासून सरळ पडून होता. मी तो उलटा करून ठेवला. उद्या मेल्यावर मला विचारलं तर काय सांगू? फोरमन नको म्हणाला?"

मी वही काढली. तू सांगत गेलास, मी लिहीत गेलो. कितवा रन, केवढे तुकडे, कुठला सरळ, कुठला उलटा. तू प्रत्येक वाक्यानंतर विचारायचास, "लिवलंस?" मी म्हणायचो, "लिहिलं."

हसन, मी त्यातलं काही लिहिलं नाही.

मी लिहिलं की, डॉक्टर नंदिनी यांस आशीर्वाद. आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुम्ही मला एवढी मोठी संधी दिलीत, त्याचे उपकार जन्मभर विसरणार नाही. माझ्या हातून कामात काही चूकभूल झाली असल्यास मोठ्या मनानं पदरात घ्यावी. बास. आपल्याकडे कुठल्याही पत्राच्या शेवटी लिहितात ते. तू मराठी वाचू शकत नव्हतास. खाली उर्दूत सही केलीस, सावकाश, एकेक अक्षर काढत. मी माझ्या मोबाईलवर फोटो काढला आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर तिच्या आवाजात निरोप आला. "हसनचाचा, आईनं पत्र वाचून दाखवलं. चूक कसली चाचा! अजिबात मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारखा हात मला पुन्हा नाही मिळाला."

तू तो निरोप किती वेळा लावून घेतलास. माझा मोबाईल माझ्याकडे राहिलाच नाही त्या दिवशी. मग डोळे पुसलेस आणि म्हणालास, "बघ. एवढं सांगितलं तरी चूक कसली म्हणते. केवढं मन." मग चहावाल्याला सांगितलंस, न्हाव्याला सांगितलंस, मशिदीत इमामसाहेबांना सांगितलंस. माणसानं चूक सांगितली तर समोरचा माफ करतो, माझंच बघा. पोरांना उदाहरण द्यायचास. मी शेजारी बसून मान हलवायचो.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की तुझं नाव राखलं. आपल्या लोकांचं नाव राखलं. आता म्हातारपणी स्वतःशी खोटं बोलायलाही ताकद लागते, ती उरली नाही म्हणून खरं लिहितो. मला ते बघवणार नव्हतं. बर्फावर गेलास तू, नाव झालं तुझं, आणि त्यात चूक सांगून पुन्हा तूच मोठा होणार. मी राईच्या पेटीत शेजारची माती भरली, ते मी आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. तुझं ते पत्र गेलं असतं तर मी खोलीत कुठे बसलो असतो?

शेवटी हॉस्पिटलमध्ये चार दिवस होतास. तिसऱ्या दिवशी नाकातली नळी बाजूला सारून म्हणालास, "फोरमन, एक बरं झालं. तू ते पत्र लिवलंस. नायतर आता लय जड गेलं असतं."

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण तुझा चेहरा इतका हलका दिसत होता की मी पाणी हवं का विचारलं. तू नको म्हणालास. तेव्हा न सांगणं बरोबर की चूक, ते मला अजून कळत नाही. ते चार वर्षांपूर्वीचं कळतं. हॉस्पिटलमधलं कळत नाही. तुला कळलं असतं, पण तुला विचारणार कसं?

चार दिवसांपूर्वी नंदिनीचा फोन आला. तिला आईकडून उशिरा कळलं होतं. रडली. म्हणाली, "काका, आमच्या फ्रीझरमध्ये त्यांचा बर्फ अजून आहे. त्यांनी काढलेले बाण आहेत." बाण म्हणाली आणि मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. पत्र, वही, चूकभूल. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालं नसतं.

सांगून झालं. मी म्हटलं, "हॅलो? कट झाला काय?"

"नाही काका, आहे." मग म्हणाली, "तुम्ही ज्या दोन तुकड्यांचं म्हणताय, ते आम्हाला माहीत आहेत."

त्यातलं काहीतरी गडबड आहे हे त्यांना पहिल्या वर्षीच दिसलं होतं, हसन. थर नीट लागत नव्हते. त्यांनी खूप खटपट केली, तिच्या हाताखालच्या एका मुलीनं त्याच्यावर कितीतरी महिने घालवले. टोकं फुटलेली, जुळवायला काही नाही. शेवटी दोन्ही तुकडे संशयाचे म्हणून बाजूला ठेवले. त्या बर्फातलं काही त्यांनी वापरलंच नाही. जेवढी वर्षं त्या दोन तुकड्यांत आहेत, तेवढी त्यांच्या कागदावर कोरी आहेत.

"चाचांचं म्हणणं तेव्हाच कळलं असतं ना," ती म्हणाली, "तर फक्त एक फिरवायचा होता. दोन मिनिटांचं काम. रागवायचा प्रश्नच नव्हता, काका. उलट मी पार्टी दिली असती."

मग आवाज एकदम बदलला. जुना, लॅबमधल्या पोरीचा. "Wait. काका, चाचांनी तुम्हाला सांगितलं होतं ना कुठला उलटा? वरचा की खालचा? अजून वेळ गेलेली नाही. बर्फ आहे. तुम्ही सांगा, मी तपासायला घेते."

हसन, मला आठवत नाही.

तू सांगितलं होतंस. स्पष्ट सांगितलं होतंस, वर विचारलंही होतंस, लिवलंस? आणि मी त्याच वेळी आशीर्वाद आणि खुशाल लिहीत होतो. लिहिणाऱ्याच्या कानात शिरतं ते हातातून उतरतं. मी उतरू दिलं नाही, म्हणून ते शिरलंच नाही.

तिला म्हटलं, दोन दिवस दे. यार्डात पीव्हीसीचा पाईप पडला होता, त्याचे दोन तुकडे कापले. खडूनं वर-खाली लिहिलं. फळीवर ठेवले. तुझ्यासारखं करून बघायचं ठरवलं, हात उजवीकडून सुरू करायचा, दोन्ही उलटे पाडायचे, जागा बदलायची, एक फिरवायचा, आणि मग कुणीतरी हाक मारायची. माझा हात दर वेळी डावीकडूनच सुरू होतो, हसन. कितीही केलं तरी. यार्डातला बंगाली माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, पाईपसे खेलता?" मी त्याला शिवी दिली. जबरदस्तीनं उजवीकडून केलं तेव्हा वाटलं, जवळचा तुकडा आधी फिरवला असणार. म्हणजे राहिला तो वरचा. मग वाटलं, नाही, आधी वरचाच सरळ करणार, पेटी वरून सुरू होते. म्हणजे राहिला तो खालचा. दोन्ही पटत होतं. तुझा आवाज आठवून बघितला. आवाज आठवतो. "कुठला राहिला तो पण मला नीट ठाऊक हाय." इथपर्यंत येतो आणि पुढं तुझं तोंड हलतं, शब्द नाही.

मनात आलं, खालचा सांगून टाकू. दोनातला एक, बरोबर निघाला तर निघाला. तुझ्या नावानं सांगितलेलं ती खोटं मानणार नाही. फोरमन म्हणून बावीस वर्षं मी हेच केलं. साहेबानं विचारलं, किती मीटर, कुठला थर, कधी संपेल, माझ्या तोंडून ताबडतोब उत्तर. माहीत नाही हा शब्द मी रिगवर कुणाच्या तोंडून ऐकून घेतला नाही, स्वतः तर कधी बोललोच नाही.

काल तिला फोन लावला. उभं राहून लावला.

"नंदिनी, मला माहीत नाही."

"ठीक आहे काका. इट्स ओके. तुम्ही त्रास नका करून घेऊ."

"ठीक नाही. तू असं लिहून ठेव. हसननं सांगितलं होतं. शांतारामनं लिहिलं नाही. म्हणून माहीत नाही. माझं पूर्ण नाव घाल."

"काका, रिपोर्टमध्ये असं नाही लिहीत. तिथे फक्त दिशा अनिश्चित एवढंच जातं. माणसाचं नाव नसतं."

"पण मग वाचणाऱ्याला वाटेल हसननं चूक केली आणि दडवली."

"वाचणाऱ्याला चाचा माहीतच नसणार, काका."

"तुला तर आहे. मग हे कुठे लिहायचं?"

तिच्याकडे तशी जागा नव्हती.

ती जागा मंडळाच्या अंकात आहे. आपलेच लोक वाचतील, चहावाला, न्हावी, तू ज्यांना ज्यांना माफीची गोष्ट सांगितलीस ते सगळे. त्यांनी आता नीट वाचावं. हसनच्या हातून बर्फावर एक तुकडा उलटा गेला. त्यानं तो ओळखला, शुक्रवारी जेवणानंतर माझ्यासमोर बसून कबूल केला, कुठला ते सांगितलं, आणि लिहिलं का म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. मी लिहिलं म्हणालो. लिहिलं नव्हतं.